मुकी चितळं

ते १९६४ साल, मे महिन्याची बावीस तारीख. सकाळचे साडेसात वाजले होते आणि दगड आताच तापायला लागले होते. रमण्याच्या पडक्या भिंतीला छाती टेकून चैतूबाबा हलक्या आवाजात साद घालत होते, "आ... आ... आ...", गाईला घालतात तशी.

"आले का जी, बाई?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"आले. पाच... नाही, सात."

"मंग काढा चित्र. हे मुके आहेत. याईच्या आजीले चारा घातला मी. माह्या आवाजाले येतात."

सात हरणं भिंतीपासून वीस पावलांवर येऊन उभी राहिली. तांबूस अंग, त्यावर पांढरे ठिपके. मी वहीचं पान उलटलं.

"मुके म्हणजे? ओरडत नाहीत?"

"ओरडतात ना! कार्तिकात नर तं घोरल्यावानी ओरडतात. पन मुकेच ते. भिंतीनं मुके केलं त्याईले."

"चैतूबाबा, कोडी मग घाला," माझा भाऊ मागून म्हणाला. "नलू, ऊन चढायच्या आत काढून घे. आणि मागचा भाग नीट काढ. पळताना तेवढाच दिसतो."

दादा कोसमटोल्याला रेंजर होता. मी नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. चोवीस वर्षांची होते आणि सुट्टीत त्याच्याकडे आले होते. रमणा म्हणजे बेहडगढच्या जमीनदारांचं शिकारीचं राखीव रान. पन्नास वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या कुणीतरी विलायतेहून बोटीने हरणं आणवली, पुरुषभर उंचीची दगडी भिंत घातली आणि त्यांना आत सोडलं. जमीनदारी गेली, भिंत तीन ठिकाणी ढासळली आणि ती हरणं बाहेर पडून आपल्या चितळांच्या रानात चरू लागली. आता नागपूरच्या कचेरीतून पत्र आलं होतं: विलायती किती आणि चितळं किती, वेगवेगळी मोजून महिनाअखेर कळवा.

हे सांगायला सोपं होतं. दोन्ही ठिपक्यांची, दोन्ही तांबूस. हिवाळ्यात नराची शिंगं पाहून कुणीही सांगितलं असतं, कारण विलायती नराचं शिंग टोकाला हाताच्या पंजासारखं पसरट असतं. पण वैशाखात ती शिंगं गळून पडतात. शिवाय माद्यांना शिंगं नाहीतच. म्हणून दादाला चित्रं हवी होती, गार्डांना दाखवायला.

खुणा चैतूबाबांनी सांगितल्या. ते तेव्हा साठीला आलेले, उइके आडनावाचे गोंड, पोरवयापासून याच रमण्यात राखणीला. "चितळाच्या गयाले पायजा," ते म्हणाले, "आताच दूध पेलं आन् सांडलं, असा पांढरा रायते. मुक्याचा गया मातीवानी. आन् मुक्याच्या बुडाले काजळाची चौकट, शेपटीवर काजळाची रेघ. चितळाले नाही."

मी काढून त्यांच्या हातात वही दिली. त्यांनी ती अगदी नाकाजवळ नेली, वास घ्यावा तशी, आणि परत केली. "लई छान जी."

या सगळ्यावर एक सावट होतं. त्याबद्दल सकाळपासून कुणी बोललं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी भिंतीपलीकडच्या नाल्यात तेंदूपत्ता तोडणारी फुलवंता नावाची बाई वाघिणीने नेली होती. तेव्हापासून पानतोड बंद होती. एरवी मे महिन्यात बायकांच्या हाकांनी भरलेलं ते रान एकदम रिकामं झालं होतं. सकाळी डबा देताना वहिनीने माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. दादाने बंदूक क्वार्टरवरच ठेवली होती. मोजणीला बंदूक कशाला, म्हणाला. वाघिणीवर गोळी झाडायची परवानगी अजून यायची होती, आणि दादा कागदाबाहेर पाऊल टाकणारा नव्हता.

"भ्याचं नाही बाई," भिंतीच्या कडेने चालताना चैतूबाबा म्हणाले. "रानात चितळ आहेत ना. चितळ मान खाली घालून चरते, म्हनजे वाघ नाही. चितळानं वाघ पायला का असं ओरडते..." आणि त्यांनी नाकातून, डोक्यात कळ जावी असा एक तीक्ष्ण आवाज काढला: "कँऊ!" दूरवर एक मोर घाबरून उडाला.

"मला शिकवा," मी म्हणाले.

"गयातून नाही, नाकातून. पोट आत घ्या."

मी काढलेल्या आवाजाला दादा खो खो हसला. "शाळेत चालेल. मुली वर्गात पटकन बसतील."

चौथ्या-पाचव्या खेपेला चैतूबाबांनी मान डोलावली. "आता चितळीन झाल्या. हे ऐकलं का वाघ थांबत नाही. चोराले कोनी पायलं तं चोर काय करते? आपल्या वाटंनं निंगून जाते."

नऊच्या सुमारास दादा ढासळलेल्या भिंतीवर चढला. पलीकडचं मैदान वरून दिसेल म्हणून. त्याच्या पायाखालचा दगड हलला, मग दुसरा. मी दादाची आरोळी ऐकली नाही, दगडांचा आवाज तेवढा ऐकला. तो मैदानाच्या बाजूला पडला होता आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली जिथे वाकायला नको तिथे वाकला होता.

त्याचा चेहरा पिठासारखा झाला. "हलवू नको," एवढंच तो म्हणाला. चैतूबाबांनी पळसाच्या दोन फांद्या तोडल्या, माझ्या जुन्या साडीचा पदर फाडला आणि पाय बांधला. मग आम्ही त्याला भिंतीच्या सावलीत टेकवून बसवलं. तेवढ्यानेच त्याची दोनदा शुद्ध हरपली.

"टोल्यावरून बैलगाडी आनतो," चैतूबाबा म्हणाले. "जायाले तास, यायाले दीड."

"आणि आम्ही?" मी विचारलं.

ते उठले, डोळ्यांवर हात धरून मैदानाकडे पाहत राहिले. मैदान म्हणजे गुडघाभर वाळलेलं गवत, आणि साठ-सत्तर पावलांवर मोहाच्या झाडाखाली ठिपक्यांचा एक कळप चरत होता. त्याच्या पलीकडून टोल्याची गाडीवाट नाल्यात उतरत होती.

"पायजा, चितळ चरून रायले. दहाबारा तं असतीन. त्याईच्यावर डोया ठेवा. ते चरतात तोवर काही भेव नाही. ते ओरडले तं सायेबाच्या काठीनं दगडावर ठोका. पन एक ध्यानात ठेवा, मानसाच्या आवाजात बोंबलू नोका. बाईमानूस बोंबललं का मी पयत येईन, आगापिछा न पायता. समजलं?"

"समजलं."

ते गेले. त्यांचं पांढरं मुंडासं मोहाच्या झाडापाशी दिसलं, मग नाल्यात दिसेनासं झालं. कळपाने माना वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या. मला हायसं वाटलं.

त्या दीड-दोन तासांत माणसाला किती आवाज ऐकू येतात, ते मी आज साठ वर्षांनंतरही सांगू शकते. वाळलेलं पान दगडावर पडतं तो आवाज. सरड्याचा. दादाच्या श्वासाचा, जो मधेच थांबायचा आणि मग माझाही थांबायचा. मी त्याला बाटलीतलं पाणी घोटघोट देत होते.

"चरताहेत?" तो डोळे न उघडता विचारायचा.

"चरताहेत."

"मग ठीक आहे."

दर दहा मिनिटांनी हे एवढंच बोलणं. शेवटी हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी वही काढली. शाळेत मुलींना सवय लावलेली, ती मलाही होती: आधी वर नाव लिहायचं, मग चित्र. मी लिहिलं, "चितळ, मादी." कळपातली आमच्या सगळ्यांत जवळची मादी निवडली आणि काढत बसले. कान, पाठ, पोटाची रेघ, ठिपके. खरंच मन थोडं थाऱ्यावर आलं. पेन्सिल चालू असली की मी अर्धीच घाबरते, हे मला त्या दिवशी कळलं.

ती वळली, पाठ माझ्याकडे केली. मी पान तिरकं धरून मागचा भाग बाजूला वेगळा काढायला घेतला. पांढरा भाग सोडला. त्याच्या कडेने गडद रेघ ओढली. शेपटीवरून खाली एक काळी रेघ आणली.

आणि पेन्सिल थांबली.

सकाळी मी हेच काढलं होतं. मागचं पान उलटून पाहिलं. तीच काजळाची चौकट. मग आताच्या चित्रातल्या मादीचा गळा पाहिला. तो मी भुरकट छायेने भरून टाकला होता, पार हनुवटीपर्यंत. पांढरं काही सोडलंच नव्हतं. माझ्या हाताने समोर होतं ते काढलं होतं आणि माझ्या डोक्याने वर "चितळ" लिहून ठेवलं होतं.

मी एकेक मादी पाहत गेले. दुसरी. तिसरी. एका नराने मान उचलली; डोक्यावर शिंगांच्या जागी दोन मखमली गुठळ्या. गळा मातीसारखा. अकराच्या अकरा.

"दादा," मी कुजबुजले, "ही चितळं नाहीत."

"हं?"

"विलायती आहेत. सगळी. चैतूबाबा ज्यांना मुकी म्हणतात ती."

दादाने डोळे उघडले. मग त्याच्या कपाळावर घाम आला. आधी नव्हता तो.

"भिंतीनं मुके केलं त्याईले," तो हळूच म्हणाला. "नलू... पन्नास वर्षं भिंतीच्या आत. यांनी वाघ पाहिलेलाच नाही."

मग मला सकाळचं सगळं कळलं. मुकी म्हणजे आवाज नसलेली नव्हेत. ज्याची चाहूल लागली की चितळ रान उठवतं, त्याला ही ओळखतच नाहीत. ती काहीच सांगणार नाहीत. दीड तास मी ज्यांच्याकडे पाहून जिवाला धीर देत होते, त्यांच्या चरण्याला काहीही अर्थ नव्हता. आणि खरी चितळं या मैदानात एकसुद्धा नव्हती. सकाळभर भिंतीपलीकडे दिसत होती, मग इथेच का नाहीत?

"कुठे गेली चितळं?" मी विचारलं.

तो मैदानाकडे पाहत होता, आणि मीही आता कळपाकडे नाही, कळप आणि आमच्यामधल्या गवताकडे पाहू लागले. चित्र काढणाऱ्याची एक सवय असते: वस्तू नाही, डाग बघायचे. पिवळं गवत, करडं गवत, सावलीची पट्टी. आणि आमच्यापासून तीसेक पावलांवर, गवताच्या शेंड्यांखाली, दोन पांढरे ठिपके.

गोल, शेजारी शेजारी, काळ्या रंगात. हरणाचे ठिपके असे जोडीने नसतात. ते जरा हलले, एक पुढे, एक मागे, जसे कान हलतात.

वाघाच्या कानांना मागून पांढरा ठिपका असतो. हे मी पुस्तकात पाहिलं होतं. मागून. म्हणजे तिची आमच्याकडे पाठ होती. म्हणजे ती आमच्या बाजूने, भिंतीला लागून, मी पानावर मान घालून बसले असताना, कदाचित पाच-सात पावलांवरून पुढे गेली होती.

दादाला दाखवायला बोट उचलावं तर हात उचलेना. त्याला दिसलं होतं. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबून धरला. तिला हरणं हवी होती, तिने हरीण न्यावं आणि जावं, एवढंच मी देवाजवळ मागत होते. त्या मुक्या जनावराचा जीव मी त्या वेळी सरळ देऊन टाकला होता, हे लपवत नाही.

आणि तेव्हा नाल्यापलीकडून घुंगरांचा आवाज आला. बैलांच्या गळ्यातल्या.

चैतूबाबा अर्धा तास लवकर आले होते. गाडीवाट मोहाच्या झाडाखालून येत होती, कळपाला लागून. ते गाडीच्या पुढे चालत येणार, कळप चरताना पाहणार आणि निर्धास्त मनाने सरळ वाघिणीच्या आणि तिच्या सावजाच्या मधे येणार.

"ते ओळखतील," मी दादाच्या कानात म्हणाले. "त्यांनीच खुणा सांगितल्या."

"त्यांनीच जाताना यांना चितळ म्हटलं," दादा म्हणाला.

आवाजाला येणारी हरणं. "आले का जी, बाई?" नाकाजवळ नेलेली वही. माझ्या डोळ्यांपुढून सगळं एका ओळीत गेलं.

घुंगरं नाल्यात उतरली. पांढरे ठिपके आवाजाच्या दिशेने वळले आणि स्थिर झाले.

काठी ठोकली तर चैतूबाबांना घुंगरांत ऐकू आली नसती. ओरडले तर ते धावत आले असते, त्यांनीच सांगितलं होतं. आणि कसलाही आवाज काढला तरी वाघीण मागे वळून पाहणार. मागे भिंत होती, मोडका पाय होता आणि मी होते.

दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याने मनगटावरचा हात काढून घेतला.

मी पोट आत घेतलं. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. घुंगरं चढ चढू लागली होती. मी नाकातून, डोक्याच्या कवटीतून, होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं.

"कँऊ!"

वाघीण वळली. तेव्हा मी तिचं तोंड पाहिलं. केवढं मोठं होतं, आणि त्यावर राग नव्हता. वर्गात कुणी बोललं की मी मान वळवून बघायचे, तसं तिने बघितलं. कोण आहे ते.

"कँऊ! कँऊ!"

घुंगरं थांबली. एका क्षणात, कुणी मुठीत धरल्यासारखी. मग नाल्यातून कुऱ्हाड गाडीच्या जुवावर आपटल्याचे आवाज आले, खडाखड, खडाखड, आणि चैतूबाबांची भसाडी आरोळी, "हाऽऽड! हाऽऽड!"

वाघीण उभी राहिली. गवतातून ती वर आली तेव्हा ती किती लांब होती ते दिसलं. माझ्याकडे आणखी एकदा पाहून ती उजवीकडे, बांबूच्या बेटाकडे चालू लागली. घाई न करता. आणि ती अकरा हरणं... ती पळाली नाहीत. कान टवकारून तिच्याकडे पाहत राहिली. एक पाडस तर दोन पावलं पुढे गेलं, काय आहे ते बघायला.

ते दृश्य मला अजून स्वप्नात दिसतं. वाघिणीचं नाही, त्या पाडसाचं.

चैतूबाबा कुऱ्हाड हातात घेऊन आले. "चितळ कोन्या बाजूनं ओरडलं जी?"

"चितळ नव्हतं. मी होते."

त्यांनी मोहाच्या झाडाकडे हात केला. "आन् हे?"

"ही मुकी आहेत, चैतूबाबा. पहिल्यापासून."

ते मटकन खाली बसले. कुऱ्हाड गवतात पडली. "मले ठिपकेच दिसले जी," ते म्हणाले. "दोन साल झाले, धुक्यावानी दिसते सारं. कानानं चालवतो. तुमाले वाघाच्या तोंडी ठेवून गेलो मी." मग माझ्या पायांना हात लावायला लागले. मी मागे सरले. "सायेबाले सांगू नोका, बाई. मले रानातून काढतीन. मी जाऊ कोठी?"

दादा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. त्याने ऐकलं की नाही, कळलं नाही. आम्ही दोघांनी मिळून त्याला गाडीत घातलं. टोल्याजवळ आल्यावर चैतूबाबा बैलांना म्हणाल्यासारखं म्हणाले, "पोट बराबर आत घेतलं पन."

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी चैतूबाबा नागपुरात माझ्या दारात उभे राहिले. हातात दादाच्या सहीचा कागद: "कार्यालयीन कामासाठी पाठवत आहे." आणि खाली बारीक अक्षरात, "नलू, यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने." म्हणजे ऐकलं होतं तर. पण त्या दिवसाबद्दल त्या दोघांमध्ये कधी एक शब्द झाला नाही.

दादाचा पाय बरा झाला, पण जरा तोकडा राहिला. तो नोकरीभर लंगडत जंगलं फिरला आणि १९९१ साली झोपेत गेला. वहिनी त्यानंतर सहा वर्षांनी. मी रानात जायला निघाले की ती शेवटपर्यंत माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवायची.

चैतूबाबांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. जाड भिंगांचा चष्मा लावून पुन्हा रमण्यावर गेले तेव्हा मी बरोबर होते. भिंतीवर हात ठेवून ते कळपाकडे वाकले. मग म्हणाले, "इतके ठिपके होते काय जी?" १९७२च्या उन्हाळ्यात ते वारले, आपल्या घरी, खाटेवर.

वाघिणीचं काय झालं ते मला माहीत नाही. परवानगीचा कागद आला तोवर ती त्या रानातून निघून गेली होती, आणि फुलवंतानंतर तिने कुणाला मारल्याचं ऐकलं नाही.

मुकी चार वर्षांत संपली. दादाच्या शेवटच्या अहवालात चितळांपुढे आकडा आहे, विलायतींपुढे शून्य. त्यांच्यातलं एखादं तरी शेवटी ओरडायला शिकलं का, मी चैतूबाबांना एकदा विचारलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली.

मी सदतीस वर्षं चित्रकला शिकवली. तो आवाज पुन्हा कधी काढला नाही. नातवंडांनी हट्ट केला तरी नाही. ती वही मात्र आहे. त्या पानावर शेपटीची काळी रेघ जिथे थांबली तिथे पेन्सिलीचं टोक मोडल्याचा खड्डा आहे, आणि वर माझ्या वळणदार अक्षरात अजूनही लिहिलेलं आहे, "चितळ, मादी." ते मी खोडलं नाही. पुढे शाळेत मुलींना मात्र सांगायचे, चित्र आधी काढा, नाव मागून लिहा.